अमेरिकेतल्या नववीचा इंग्रजीचा तास : पुण्याहून जाणाऱ्या मुलीच्या आईबाबांसाठी

प्रश्न असा आला आहे : "आमची बदली न्यू जर्सीला झाली आहे. मुलगी पुण्यात राज्य मंडळाच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून आठवी पूर्ण करून सप्टेंबरमध्ये तिथे नाइन्थ ग्रेडला बसेल. इंग्रजीत तिला कायम नव्वदच्या वर गुण असतात. तिथे इंग्रजीच्या तासाला नेमकं काय असतं? ऑनर्स, म्हणजे वरच्या पातळीचा वर्ग, घ्यावा का? इएसएलमध्ये, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांच्या जादा इंग्रजीच्या वर्गात, टाकतील का? निघण्याआधी क्लास लावावा का?"

मी न्यू जर्सीतल्या एका पब्लिक हायस्कुलात इंग्रजी शिकवते. नववीचे वर्ग माझ्याकडे दरवर्षी असतात आणि त्यांत पुण्या-मुंबईहून, नागपूरहून नुकतीच आलेली मुलं असतातच. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या मुलीचं इंग्रजी पुरेसं आहे. भाषेवरून ती अडणार नाही. अडेल ती एका वेगळ्याच ठिकाणी : पुण्यात तिला ज्या गोष्टींसाठी नव्वद गुण मिळत होते, त्या गोष्टी इथे फारशा विचारल्याच जात नाहीत. इथल्या तासाला तिला तिचं मत विचारलं जाईल आणि लगेच पुढचा प्रश्न येईल, हे मजकुरात कुठे दिसतं ते दाखव. वर्षभर, प्रत्येक धड्याला, प्रत्येक निबंधाला हेच. ही सवय ज्या मुलांना लवकर लागते त्यांना नाताळपर्यंत काही अडचण राहत नाही. ज्यांना लागत नाही ती हुशार असूनही वर्षभर कोड्यात पडलेली असतात की एवढं लिहून 'बी' ग्रेड कशी आली.

आधी चौकट समजून घ्या. न्यू जर्सीत हायस्कूल डिप्लोमासाठी किमान 120 क्रेडिट लागतात, त्यातले 20 इंग्रजीचे. म्हणजे नववी ते बारावी, चारही वर्षं इंग्रजी सक्तीचं. नववीची ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे चारही वर्षांच्या एकत्र गुणपत्रकावर, चढते आणि कॉलेजच्या अर्जासोबत जाते. आपल्याकडे "दहावीला बघू" म्हणून नववी थोडी सैल सोडली जाते, तसं इथे करून चालत नाही.

पाठ्यपुस्तक मात्र नाही. बालभारतीच्या कुमारभारतीसारखं सगळ्या राज्याला एकच पुस्तक इथे कुणी छापत नाही. विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे एवढंच राज्य ठरवतं. कुठली कादंबरी, कुठलं नाटक, हे स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या पब्लिक शाळा चालवणारी स्थानिक संस्था, आणि शिक्षक ठरवतात. त्यामुळे एडिसनमध्ये राहणाऱ्या मावसबहिणीच्या मुलाने काय वाचलं ते विचारून उपयोग नाही. शेजारच्या गावात यादी वेगळी असू शकते. तुमचं घर ज्या डिस्ट्रिक्टमध्ये येईल त्यांच्या वेबसाइटवर अभ्यासक्रम बघा, नाहीतर शाळेच्या काउन्सेलरला ईमेल करून विचारा. नववीच्या वसंतात राज्याची एक परीक्षाही असते. तिच्यात वाचायचे उतारे नवे असतात, त्यामुळे पाठांतराचा तिथेही काही फायदा नाही.

तरी साधारण चित्र सांगता येतं. एक शेक्सपिअरचं नाटक, बहुतेक वेळा रोमिओ अँड ज्युलिएट. एक-दोन कादंबऱ्या, मूठभर लघुकथा, कविता, ओडिसी या ग्रीक महाकाव्याचा काही भाग, आणि बरेच लेख व भाषणं. होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, शिकवणं इथे 1994पासून कायद्याने बंधनकारक आहे आणि आफ्रिकन अमेरिकन इतिहास अभ्यासक्रमात आणण्यासाठी 2002मध्ये ॲमिस्टाड कायदा झाला; वाचायला काय येतं त्यावर या दोन्ही गोष्टींची छाप दिसते. लेखनात वर्षभरात साधारण चार प्रकार येतात : स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग, साहित्यकृतीचं विश्लेषण, एखाद्या प्रश्नावर बाजू मांडणं, आणि छोटा संशोधन निबंध.

आता विश्लेषण म्हणजे काय ते एका उदाहरणाने दाखवते, कारण सगळी गोम इथेच आहे.

रोमिओ अँड ज्युलिएट संपलं की नववीला हमखास दिला जाणारा विषय : रोमिओ आणि ज्युलिएटच्या मृत्यूंना सर्वांत जास्त जबाबदार कोण? तिकडून नुकतं आलेलं मूल काय लिहितं? पहिला परिच्छेद शेक्सपिअर किती थोर नाटककार होता यावर. दुसरा कथासार. तिसरा पुन्हा कथासार. शेवटी "म्हणून सगळेच थोडेथोडे जबाबदार आहेत". व्याकरण चोख, शब्द सुंदर, आणि ग्रेड सी प्लस. राज्य मंडळाच्या पेपरात कवितेचं रसग्रहण लिहिताना शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना असे मुद्दे क्रमाने भरायची सवय लागलेली असते. तो साचा त्या परीक्षेसाठी ठीकच आहे. इथे मात्र तो हातात घेतला की मूल विषयापर्यंत पोचतच नाही.

हवं असतं ते असं. समजा मुलीला वाटलं की दोष ज्युलिएटच्या वडिलांचा, कॅप्युलेटचा. छान. पहिल्याच परिच्छेदात एका वाक्यात तसं स्पष्ट म्हणायचं : कॅप्युलेटच्या घाईमुळे ज्युलिएटपुढचे सगळे सुटकेचे मार्ग बंद झाले. याला इथे थीसिस म्हणतात आणि तो असा हवा की कुणालातरी तो खोडून काढावासा वाटेल. मग पुरावा. पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात हाच बाप ज्युलिएटला मागणी घालणाऱ्या पॅरिसला सांगतो की अजून दोन उन्हाळे जाऊ देत, मुलगी लहान आहे. तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात तोच म्हणतो, आज सोमवार, बुधवार फार लवकर होईल, गुरुवारी लग्न लावू. आणि चौथ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात तो स्वतःच गुरुवारचं बुधवारवर आणतो. दोन वर्षं, मग तीन दिवस, मग उद्या सकाळ. नाटकातली ही तीन ठिकाणं शोधून शेजारी-शेजारी ठेवली की निबंध उभा राहिला.

पण अजून पूर्ण झाला नाही. कारण मी समासात लिहीन : "ज्युलिएटचं रोमिओशी गुपचूप लग्न आधीच झालंय हे कॅप्युलेटला माहीतच नाही. मारला गेलेला मामेभाऊ टिबल्ट याच्या दुःखातून मुलीला बाहेर काढावं म्हणून तो घाई करतोय, असं पॅरिस स्वतः फ्रायरला, म्हणजे पाद्रीला, सांगतो. मग दोष कसा?" इथे मुलीने मागे हटायचं नाही आणि माझं म्हणणं उडवूनही लावायचं नाही. तिसऱ्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात ज्युलिएट आईजवळ गयावया करते, महिनाभर, निदान आठवडाभर तरी लग्न पुढे ढकला. आणि त्याच प्रवेशात कॅप्युलेट तिला धमकावतो की नाही म्हणालीस तर रस्त्यावर भीक मागत मेलीस तरी मी ओळख दाखवणार नाही. त्याला लग्नाचं माहीत नव्हतं हे खरं, पण मुलीची ना आहे हे तर तोंडावर कळलं होतं. असं तिने लिहिलं की माझ्या लेखी तो ए. व्याकरणाच्या दोन चुका असल्या तरी ए.

ज्युलिएट नाटकात चौदाचीही झालेली नाही. वर्गातली मुलं नेमकी त्याच वयाची असतात. म्हणूनच हे नाटक नववीला इतकं चालतं, आणि म्हणूनच मला ते शिकवायला अजून कंटाळा येत नाही.

मूळ इंग्रजीतच वाचावं लागतं, वर्गात भूमिका वाटून, मोठ्याने. जुनी भाषा सगळ्यांनाच जड जाते. इथे जन्मलेल्या मुलांनाही ती परकीच असते. वाचताना समासात नोंदी करायच्या असतात, त्याला ॲनोटेशन म्हणतात आणि कित्येक शिक्षक त्यालाही गुण देतात. नोंद म्हणजे कठीण शब्दाचा अर्थ नव्हे. "आत्ताच तर हा दोन वर्षं थांबा म्हणत होता!" ही नोंद.

कादंबरी म्हणून टु किल अ मॉकिंगबर्ड आली तर एक तयारी घरून करून पाठवा. 1960मध्ये प्रसिद्ध झालेली, 1930च्या दशकातल्या अलाबामात घडणारी ही गोष्ट आहे. टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसावर बलात्काराचा खोटा आरोप, गोरे ज्यूरर आणि त्याचा वकील ॲटिकस फिंच. पुस्तकात एक अत्यंत अपमानकारक वंशवाचक शब्द वारंवार येतो. तो शब्द वर्गात उच्चारायचा नाही, कुणी विचारलं तरी नाही, हे मुलीला आधीच नीट समजावून सांगा; तिकडून आलेल्या मुलांना त्याचं वजन ठाऊक नसतं आणि उगाच मोठा प्रसंग ओढवतो. गुलामगिरी 1865मध्ये कायद्याने संपली, तरी दक्षिणेत वेगळी शाळा, रेल्वेचा वेगळा डबा, वेगळा नळ असं पुढे कित्येक दशकं चाललं, आणि शाळांतली ही विभागणी बेकायदा ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल थेट 1954मध्ये आला. एवढी पार्श्वभूमी असली तरी कादंबरी पुष्कळ उलगडते.

आणि इथे तुमच्या मुलीकडे असं काही आहे जे वर्गातल्या दुसऱ्या कुणाकडे नसेल. जोतीराव फुल्यांनी 1873मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं तेव्हा ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, त्यांनी गुलामांना मुक्त केलं म्हणून. पुण्यात शाळा शिकलेल्या मुलीने हे वर्गात सांगितलं, वेगळा पाणवठा म्हणजे काय हे आपल्या इतिहासातून जोडून दाखवलं, तर वर्ग कान देऊन ऐकतो. मुलं असं बोलायला लाजतात, त्यांना वाटतं इथे भारताचं काय काम. खूप काम आहे.

बोलण्यावरून पुढचा मुद्दा, जो आपल्या मुलांना सर्वांत कठीण जातो. चर्चेला गुण असतात. सॉक्रेटिक सेमिनार नावाचा प्रकार असतो : मुलं गोल बसतात, शिक्षक गप्प, आणि मुलांनीच पुस्तकावर अर्धा-पाऊण तास बोलायचं. मी बाजूला बसून कोण काय बोललं ते टिपत असते. शांत, शहाणी, वही पूर्ण असलेली मुलगी तिथे एक अक्षर बोलत नाही आणि तिचे गुण जातात. तिला सगळं येत असतं. फक्त कुणीतरी नाव घेऊन विचारेल याची ती वाट बघत असते, आणि सेमिनारमध्ये तसं कुणी विचारत नाही.

यावर उपाय साधा आहे. आदल्या रात्री एक उतारा निवडायचा, पान नंबर लिहून ठेवायचा, त्यावर एक प्रश्न तयार ठेवायचा. आणि पहिल्या दहा मिनिटांत बोलून टाकायचं, कारण नंतर मुद्दे संपतात आणि धीरही. दुसऱ्याच्या बोलण्याला जोडून बोलणं इथे विशेष मोलाचं धरतात : "तू म्हणालास ते पटलं, पण पुढच्याच पानावर ती उलट वागते, त्याचं काय?" उच्चारांची काळजी करू नये. कुणाला कळलं नाही तर ते पुन्हा विचारतात, ती पुन्हा सांगेल. उत्तर द्यायला उभं राहायची गरज नाही, आणि सर-मॅडमऐवजी मिस्टर किंवा मिस लावून आडनावाने हाक मारायची, एवढे दोन बदल पहिल्याच दिवशी लागतात.

स्वतःच्या आयुष्यातल्या प्रसंगाचा निबंध बहुधा सप्टेंबरातच येतो. तिथे आपली मुलं गणेशोत्सवावर लिहितात, आणि ते विकिपीडियावरच्या माहितीसारखं होतं : सण कधी येतो, किती दिवस असतो, का साजरा करतात. माझ्या एका विद्यार्थ्याने पुण्याचा फ्लॅट रिकामा करताना त्याचं अभ्यासाचं टेबल विकत घ्यायला आलेल्या कुटुंबाबद्दल लिहिलं. त्या घरातला छोटा मुलगा टेबलाचा खण उघडून बघत होता आणि आत याचा जुना कंपासबॉक्स राहिला होता. मागावा की राहू द्यावा, एवढाच प्रसंग, दोन पानं. तो निबंध मी त्याच्या परवानगीने पुढच्या वर्गांना वाचून दाखवते. असा लहान, नेमका, आपलाच प्रसंग शोधायला मुलीला मदत करा. लिहू मात्र तिलाच द्या.

यावर मी जरा कडक बोलणार आहे. घरात कुणीतरी वाक्यं "सुधारून" देणं, गाइडमधलं वाक्य जसंच्या तसं घालणं, नेटवरून परिच्छेद उचलणं, एआयकडून लिहून घेणं, हे सगळं इथे फसवणूक या सदरात मोडतं. तिकडे पाठ केलेलं उत्तर शब्दशः उतरवलं की शाबासकी मिळते. इथे तेच उत्तर टर्नइटइनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पकडलं जातं. निबंधाला शून्य मिळू शकतं आणि प्रकरण व्हाइस प्रिन्सिपलपर्यंत जाऊ शकतं. मुलं रडतात, कारण आपण काही चुकीचं केलं हेच त्यांना कळत नाही. म्हणून हे विमानात बसण्याआधी सांगा. दुसऱ्याचं वाक्य वापरायला पूर्ण मुभा आहे, फक्त अवतरणचिन्हं हवीत आणि स्रोत द्यायला हवा. नाटकातली ओळ घेतली तर कंसात अंक, प्रवेश आणि ओळ. बहुतेक शाळांत एमएलए पद्धत चालते : 12 पॉइंटची अक्षरं, दोन ओळींमध्ये दुप्पट अंतर, चारही बाजूंना एक इंच समास, शेवटी संदर्भांची यादी. हे तासाभरात शिकून होतं. एआयबाबत प्रत्येक शिक्षकाचा नियम वेगळा असतो आणि तो पहिल्या आठवड्यात मिळणाऱ्या सिलॅबसमध्ये लिहिलेला असतो. त्यावर तुमची सहीही घेतील. वाचून सही करा.

गुणांचं थोडक्यात. एक मोठी वार्षिक परीक्षा असा प्रकार नाही. निबंध, छोट्या चाचण्या, चर्चा, गृहपाठ असं सगळं मिळून ग्रेड बनते आणि ती पालकांना ऑनलाइन दिसत राहते. प्रत्येक निबंधासोबत रूब्रिक म्हणजे कशाला किती गुण याचा तक्ता आधीच मिळतो. लिहिण्याआधी तो वाचावा, आपली मुलं लिहून झाल्यावर वाचतात. बरेच शिक्षक निबंध सुधारून पुन्हा द्यायची संधी देतात. ती प्रत्येक वेळी घ्यावी. पहिल्या महिन्यात अठ्ठ्याहत्तर दिसले तर घरात सुतकी वातावरण करू नका. आणि पोर्टल दिवसातून चारदा उघडू नका, मुलीला ते कळतं.

ऑनर्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तिला वाचायची आवड असेल, अभ्यासाबाहेरची पुस्तकं ती आपणहून उचलत असेल, तर ऑनर्स मागा. फक्त जीपीएला, म्हणजे ग्रेडच्या सरासरीला, जास्त वजन मिळतं म्हणून किंवा ओळखीतल्या सगळ्यांची मुलं आहेत म्हणून घेऊ नका. नवा देश, नवी शाळा, मैत्रिणी कुणी नाहीत, अशा वर्षात ऑनर्समध्ये दर आठवड्याला वाचायची पानं बरीच जास्त असतात. साध्या वर्गात स्थिर होऊन दहावीला ऑनर्स आणि अकरावीला एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचा वर्ग, घेतलेली मुलं मी कित्येक पाहिली आहेत. रस्ता बंद होत नाही.

इएसएलची भीती पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फार फिरते. प्रवेशाच्या वेळी घरी कोणती भाषा बोलता असा फॉर्म येतो. "इंग्रजी लिहा, नाहीतर अडकवतील" असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. मराठी लिहा. ते खरं आहे, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्यानंतर गरज वाटली तर ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं यांची चाचणी होते. इंग्रजी माध्यमात आठवीपर्यंत नीट शिकलेलं मूल सहसा ती पार करतं. नाही केली तर जादा मदत मिळते. ती मदत देणं शाळेचं कर्तव्य आहे, आणि त्याच्या मुळाशी 1974चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, जो सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या पालकांनी लढून मिळवला. ती शिक्षा नाही.

क्लास लावू नका. निघेपर्यंतच्या महिन्यांत तिला दोन इंग्रजी पुस्तकं तिच्या आवडीची वाचू द्या, रहस्यकथा असल्या तरी चालतील, आणि प्रत्येक प्रकरणानंतर चार ओळी लिहायला सांगा : मला काय वाटलं आणि कुठल्या वाक्यामुळे वाटलं. मराठी पुस्तकावर लिहिलं तरी तीच तालीम होते. टायपिंगचा सराव करून घ्या, इथे हाताने फार कमी लिहितात आणि हळू टाइप करणारं मूल तासाला मागे पडतं. शाळेने उन्हाळ्यात वाचायला पुस्तक नेमलंय का ते काउन्सेलरला विचारा. उशिरा प्रवेश घेणाऱ्यांना हे सांगायचं राहून जातं आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यावर लिहायला येतं. इथे पोचल्यावर राहत्या पत्त्याचा पुरावा घेऊन गावच्या लायब्ररीचं कार्ड काढा, ते मोफत असतं.

सप्टेंबरात बॅक टू स्कूल नाइट असते. तुम्ही मुलीच्या वेळापत्रकाप्रमाणे वर्गावर्गांतून फिरता आणि प्रत्येक शिक्षक दहा-एक मिनिटं बोलतात. ती वेळ तिच्या प्रगतीबद्दल विचारायची नसते, फक्त ओळख करून घ्या. पुढे काही अडलं तर ईमेल तुम्ही न करता तिलाच करू द्या. नववीपासून आम्ही मुलांकडून ते अपेक्षितच धरतो. पहिला निबंध तपासून आला की ग्रेड बाजूला ठेवून समासातले शेरे तिच्यासोबत वाचा. मग दुसऱ्या निबंधाआधी तिने शाळा सुटल्यावर शिक्षकांना भेटावं आणि एवढंच विचारावं : माझा पुरावा कुठे कमी पडला?